उरलेल्या सहा गाड्या

मंगरुळपीरला माझं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे, मागेच घर. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी घरातल्या संगणकावर एक खेळ खेळायचो. त्यात इंजिनापासून सीटपर्यंत अख्खी गाडी आपणच घडवायची. देशोदेशीची माणसं तो खेळतात आणि त्यांच्या गटात स्पर्धा चालतात. एकजण यजमान होतो, गाडी कशी हवी ते सांगतो. बाकीचे बनवून पाठवतात. यजमानाने प्रत्येक गाडी चालवून पाहायची, तिच्यावर चार ओळी लिहायच्या आणि शेवटी निकाल लावायचा.

गेल्या वर्षी मी यजमान झालो. बाबांनी आसेगावच्या रस्त्यावर तीस वर्षं सवारी जीप चालवली होती. लकव्यानं उजवी बाजू गेल्यापासून ते घरातच होते, कोणाशी फार बोलत नसत. त्यांची जीप आठवूनच मी अट घातली: खेड्यातल्या कच्च्या रस्त्यावर नऊ माणसं नेणारी गाडी. सव्वीस गाड्या आल्या.

पहिली गाडी उघडली तेव्हा बाबा मागच्या खुर्चीतून बोलले, "यात म्हतारी चढन कशी? पायरी कोठी हाय?"

मी तेच इंग्रजी करून, जीप चालवलेल्या माझ्या वडिलांचं मत म्हणून गटात टाकलं. लोक खूश झाले. तेव्हापासून बाबांची खुर्ची पडद्यासमोर आली. जेवण झालं की ते विचारायचे, "आज कोनाचा नंबर?" एका गाडीच्या मागच्या खिडक्या उघडतच नव्हत्या. "याच्या गावात बर्फ पडत असन," ते म्हणाले. "आपल्या इथं मानसं उकडून मरतीन, लिही." एकाची गाडी फार देखणी होती. ती बाबांनी बराच वेळ पाहिली. "यानं कधी कोनाले बसवलं नाई," एवढंच म्हणाले. सातवी मात्र त्यांना मनापासून आवडली.

वीस गाड्या झाल्या आणि त्यांना दुसरा झटका आला. अकोल्याला बारा दिवस काढले. घरी आणलं तेव्हा समज होती, वाचा गेली होती.

गटात मी फक्त 'घरी आजारपण आहे' असं कळवलं होतं. आधी लोकांनी धीर दिला. मग निकाल कधी, अशी विचारणा सुरू झाली. यजमान बदला, असंही एकानं लिहिलं. मी एकविसावी गाडी उघडली आणि बाबांची खुर्ची पुढे ओढली.

"बाबा, ही कशी वाटते?"

त्यांनी निरखून पाहिलं. ओठ हलले, घशातून नुसता घरघर आवाज निघाला. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. मग डाव्या हातानं ते खुर्चीचा हात बडवायला लागले, थांबेचनात. आई स्वयंपाकघरातून धावत आली.

"काहून तरास देऊन राह्यला त्याहिले? बंद कर ते!"

मी बंद केलं. दुसऱ्या दिवशी बाबा आत झोपलेले असताना उरलेल्या सहा गाड्यांवर मी एकट्यानंच लिहून काढलं, बाबांच्या तोंडची वाक्यं रचून. एक गाडी नव्या नवरीसारखी आहे, बसायला भेव वाटतं, असं लिहिलं. बाबा असलं कधी बोलले नसते. सातव्या गाडीला पहिला नंबर दिला आणि निकाल टाकला.

लोकांना ती सहा मतंच सगळ्यात जास्त आवडली. तेविसावी गाडी बनवणाऱ्यानं मला वेगळं पत्र लिहिलं. तो म्हातारा होता, जन्मभर बस चालवलेला. 'तुमच्या वडिलांनी माझ्या पायरीची उंची बरोबर हेरली. ड्रायव्हर माणसालाच ते कळतं. त्यांना माझा नमस्कार सांगा.'

मला वाटलं, हे ऐकून बाबांना बरं वाटेल. मी खाटेशी बसून पत्र मराठीत सांगितलं. पायरीचं वाक्य आलं तसे ते माझ्याकडे बघू लागले. ती गाडी त्यांनी पाहिलीच नव्हती. हे त्यांना ठाऊक होतं आणि त्यांना ठाऊक आहे हे मला दिसत होतं.

"बाबा, लोक थांबले होते," मी म्हणालो. "मंग काय करू मी?"

त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. संध्याकाळी चहा घेऊन गेलो तर माझ्या हातून घेतला नाही, आईनं पाजला.

म्हाताऱ्याला मी उत्तर दिलं नाही. खरं सांगितलं तर त्याला मिळालेली दाद काढून घेतल्यासारखं, खोटं सांगितलं तर आणखी एक वाक्य रचावं लागणार. पुढच्या स्पर्धेचे यजमान तुम्हीच व्हा, असा गटाचा निरोप आला, तोही तसाच पडून आहे. बाबांना आता मीच भरवतो. घास घेतात, पण डोळे मिटून.