करप्याचं घर

साकोलीहून दिघोरीला जाणाऱ्या एसटीत ती माझ्या शेजारी बसली होती. पिशवीतल्या पालकाचं एकेक पान उलटं करून पाहत होती. सवयच लागली, म्हणाली; आलूवरच्या, म्हणजे बटाट्यावरच्या करप्याची बुरशी पानाच्या खालून दिसते, आणि तिचं प्रयोगशाळेतलं काम त्याच करप्यावर होतं.

तिचा मोबाइल वाजला. मेसेज वाचून तिने कपाळ समोरच्या दांड्याला टेकवलं आणि हसत राहिली.

"करप्याचा रोग लावणारा जीन सापडला," ती म्हणाली. "कितीदा तं करप्याचं बीजच नाही रुजलं."

मी एरवी बसमध्ये कोणाशी बोलत नाही. पण विचारलं, "सापडतो कसा?"

"गावात लेकराचं नाक पाहून घर वळखतात ना, तसा. करप्याच्या दोन वाणांची सोयरीक लावली. कोनतं लेकरू आलूले रोग लावते, कोनतं नाही, ते पाहत पाहत त्या जीनच्या घरापर्यंत पोचलो."

दिघोरीला तिचे बाबा सायकल धरून उभे होते. ती पायरीवरूनच म्हणाली, "बाबा, घर सापडलं."

"मंग करपा मेला का?"

"नाही. पण आता त्याले दार लावता येते."

बाबांनी सायकलची घंटी वाजवली, आणि आमची बस वळेपर्यंत वाजवतच राहिले.