सोनेरी डब्याची साक्ष

शाळेच्या मुलांनी तिचं नाव ‘कॅप्टन’ पाडलं आणि हळूहळू घरचेही तेच म्हणू लागले. त्यांना शाळेत नेणारी व्हॅन चालवताना ऊन लागू नये म्हणून ती नवऱ्याची जुनी पांढरी टोपी घालायची, त्यावरून ते नाव. स्वभावाने मात्र ती कॅप्टनपेक्षा फौजदार जास्त. दूधवाल्याने ‘अगदी ताजं आहे’ म्हटलं की आधी दुधाचा वास घ्यायची आणि मग त्याच्या तोंडाकडे टक लावून बघायची.

त्याला कारण होतं. व्हॅन नवी असताना तिने एक जाहिरात वाचून इंजिनच्या तेलात घालायचं कसलंसं औषध आणलं होतं. ‘इंजिनाला नवं आयुष्य’ असं बाटलीवर छापलेलं. नवं आयुष्य मिळालं असेल तर ते बाटली विकणाऱ्याला, इंजिन बसलं. दुसरं इंजिन टाकेपर्यंत मुलं दुसऱ्याच्या व्हॅनमधून जायला लागली, आणि ती परत मिळवताना कॅप्टनच्या नाकी नऊ आले. तेव्हापासून ताकच काय, पाणीसुद्धा ती फुंकून प्यायची.

अशा बाईचा जावई नेमका इंजिन ऑइलचा एजंट झाला. चांगली नोकरी सोडून, एका नव्या कंपनीची एजन्सी घेऊन. एके दिवशी तो सोनेरी डबा आणि गुळगुळीत कागदावरचा रंगीत तक्ता घेऊन हजर झाला.

“आई, बघा. पाच कंपन्यांची तेलं, एकच मशीन, एकच चाचणी. प्रत्येक ओळीत आपण पहिले!”

कॅप्टनच्या नवऱ्याने चष्मा पुसून तक्ता हातात घेतला. छापलेल्या अक्षरावर त्याचा आंधळा विश्वास. “वा! हे बाकीचे तर अगदीच कुचकामी दिसतात.”

“चाचणी घेतली कुणी?” कॅप्टनने भाजी चिरता चिरता विचारलं.

“कंपनीनेच. मोठी प्रयोगशाळा आहे त्यांची.”

“म्हणजे पेपर काढणारे तेच, तपासणारे तेच आणि पहिला आलेला मुलगाही त्यांचाच. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं!”

“आई, खोटं छापलं तर बाकीचे कोर्टात खेचतील.”

“खोटं कुठे म्हणते मी? सगळं खरं सांगितलंय का, एवढंच विचारते.” तिने सुरी खाली ठेवली, हात पुसले आणि तक्ता ओढून घेतला. “ही वरची ओळ बघा, हिच्यात पाचही तेलं आहेत. खालच्या ओळीत तीनच. बाकीची दोन कुठे गेली? पाणी प्यायला?”

जावई हसला, पण जरा उशिराच.

“आणि हे, ‘झीज चाळीस टक्क्यांपर्यंत कमी’. हे ‘पर्यंत’ मला ठाऊक आहे. आमचा प्लंबर ‘पाच वाजेपर्यंत येतो’ म्हणतो ना, ते हेच. शिवाय एकाही ओळीत हरलात नाही? आमच्या वर्गात पहिला येणारा चित्रकलेत नापास व्हायचा, तेव्हा खरा वाटायचा. हरलेल्या ओळी छापल्याच नसतील तर मला कशा दिसणार?”

“अगं, जावई आहेत ते, आरोपी नाहीत,” नवरा पुटपुटला.

मग लेकीने आईला स्वयंपाकघरात गाठलं. “आई, तुझ्या व्हॅनचा फोटो ते जाहिरातीच्या नव्या पत्रकात टाकणार आहेत. इतकी चाललेली गाडी, त्यात हे तेल. घरचीच माणसं वापरत नाहीत म्हटल्यावर बाहेरचा कोण विचारील गं? सगळं यातच घातलंय त्यांनी. रात्र रात्र जागे असतात.”

कॅप्टन कात्रीत सापडली. इकडे इंजिन, तिकडे लेकीचा संसार. तिने डबा उलटा करून मागची बारीक अक्षरं वाचली, व्हॅनच्या पुस्तकात कुठलं तेल चालतं ते पाहिलं आणि दोन्ही जुळवलं. जुळत होतं. ज्या डब्याची एवढी टिमकी वाजवतात तो गाडीच्या पुस्तकातल्या नियमात बसतो, एवढं साधं तक्त्यात कुठेच नव्हतं, याचंच तिला नवल वाटलं. तरी मनातली पाल चुकचुकत राहिली. पण ती ‘बरं’ म्हणाली.

तेल बदलायची वेळ झालीच होती. व्हॅन गॅरेजमध्ये सोडायला नवरा गेला. संध्याकाळी गाडी घरी आली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ली फिरवताच कॅप्टनने कान टवकारले. आवाज नरम! चढावर नेहमी कुरकुरणारी गाडी गुपचूप वर गेली. मागून एक पोर ओरडलं, “कॅप्टन, व्हॅन झोपली का?”

घरी येऊन तिने नवऱ्याला शेजारी बसवून एक फेरी मारली. “लोण्यासारखी चाललीय,” तो म्हणाला. माणूस संशयी असला तरी अन्यायी नसावा, म्हणून तिने आपणहून जावयाला फोन केला. “हरले बाबा मी. आवाज खरंच कमी झालाय.” जावई इतका खूष झाला, की हेच वाक्य तिच्या टोपीतल्या फोटोखाली टाकायचं ठरलं.

आठवड्याच्या शेवटी मागची सीट झाडताना मुलांच्या विसरलेल्या स्वेटरखाली काहीतरी टणक लागलं. सोनेरी डबा. सील तसंच.

ती तडक गॅरेजवर गेली. मेकॅनिक गाडीखालून सरपटत बाहेर आला.

“हे घातलं नाहीस?”

“ते होय? मला वाटलं तुमचं खायचं तेल! डबा बघा की कसा नटवलाय. साहेब तर काहीच बोलले नाहीत. मी आपलं नेहमीचंच घातलं.”

“अरे, पण आवाज कमी झाला!”

“होणारच. जुनं काढून नवं घातलं की कुठलीही गाडी चार दिवस गोड बोलते, ताई. सुनेसारखी.”

“सुनेचं राहू दे. मला आत्ता जावयाचं निस्तरायचंय.”

घरी नवऱ्याने तोडगा काढला. “एवढं काय त्यात? आज हा डबा ओतू. आवाज कमी आहेच. वाक्य आपोआप खरं होईल.”

कॅप्टन त्याच्याकडे बघत राहिली. इतकी वर्षं तिला वाटायचं, की असले तक्ते बनवणारी माणसं कुठेतरी थंड खोलीत बसून डाव रचत असतील. ती अशी स्वयंपाकघरातही बसतात, चहा पीत, कुणाचं वाईट न चिंतता. आणि सगळ्यात मोठा धक्का तिला स्वतःच्या कानांनी दिला होता. त्यांच्यावर तिने कधीच संशय घेतला नव्हता.

तिने जावयाला फोन लावला आणि घडलेलं सांगितलं.

जावई म्हणाला, “आई, उद्या छापायला जातंय.”

“माझं वाक्य काढा. फोटोही काढून टाका.”

“तेल वाईट आहे असं तर नाही ना म्हणत तुम्ही?”

“नाही हो. तक्ता लबाड म्हणून तेल वाईट, असंही मी धरून बसले होते, तेही चुकलंच. मला कळलं नाही, एवढंच खरं आहे. घरचा माणूस म्हणून तुमच्यासाठी काहीही करीन, पण ही साक्ष देणार नाही.”

त्याने फोन ठेवला. पत्रक निघालं, त्यात कॅप्टन नव्हती. जावईही बरेच दिवस फिरकला नाही. लेक एकटीच यायची, ‘कामात आहेत’ म्हणायची आणि आईची नजर टाळायची. कॅप्टन स्वतःला समजवायची आणि पोळी करपवायची.

मग एका रविवारी तो आला. बॅग नाही, तक्ता नाही. सोनेरी डबा उचलून थेट गॅरेजवर गेला आणि मेकॅनिकला म्हणाला, “पुढच्या वेळी हे घाला, नाहीतर नेहमीचं घाला. तुम्हालाच ठाऊक असू दे. आईंना सांगायचं नाही, मलाही नाही.”

पुढची वेळ आली, तेल बदलून झालं. मेकॅनिकने तोंडाला कुलूप लावलं. जावई पुन्हा जेवायला येऊ लागला, पण जेवता जेवता त्याला राहवेना.

“आई, खरं सांगा. गाडीत काहीच फरक वाटत नाही?”

“वाटतो की,” कॅप्टन त्याच्या ताटात भात वाढत म्हणाली. “रोज वाटतो. तुम्ही आलात की जरा जास्तच वाटतो. म्हणून तर म्हणते, मला विचारू नका.”