अरिस्तेआच्या मातीच्या बायका

अथेन्समध्ये माझ्या बेकरीला लागून अरिस्तेआचं बायकांचे केस करण्याचं दुकान होतं. तेव्हा आमच्या भागात कौलारू घरं पाडून उंच इमारती उठत होत्या. त्या घरांच्या वळचणीला भाजक्या मातीचे बायकांचे चेहरे ओळीनं बसवलेले असत. घर पडलं की तेही राडारोड्यात जात. अरिस्तेआला ते बघवेना. साबण लावलेलं गिऱ्हाईक तसंच सोडून ती धावायची, मुकादमाला गोड बोलायची आणि एखादा चेहरा पोटाशी धरून परतायची.

"केस बघ यांचे," ती मला म्हणायची. "इतकी वर्षं उन्हापावसात, पण एक बट हललेली नाही."

तिच्या घरात कपाटावर, पलंगाखाली, दुकानातल्या फळीवर, जिथे तिथे चेहरे. नवरा पान्देलीस कुरकुरायचा, "एक बोलते तेवढं पुरे होतं. आता या सगळ्या टक लावून बघतात." पण जड चेहरे जिन्यावरून तोच वाहून न्यायचा.

एका शनिवारी कालिरोई नावाची म्हातारी केस करून घ्यायला आली. आरशात तिला मागच्या फळीवरचा नाक फुटलेला चेहरा दिसला आणि ती ओल्या केसांनीच मागे वळली.

"ही आमच्या घरावरची," ती म्हणाली. "नाक मीच फोडलं. भावाला मारलेला दगड हिला लागला."

अरिस्तेआनं आजवर कुणाला ठिकरीसुद्धा दिली नव्हती. त्या दिवशी तिनं तो चेहरा टॉवेलात गुंडाळून म्हातारीच्या मांडीवर ठेवला, आणि आत जाऊन बराच वेळ नळ सोडून उभी राहिली.

बातमी पसरली. पाडलेल्या घरांतली माणसं येऊ लागली. काही सरळसरळ थापा मारत होती, आणि पान्देलीसनं तसं म्हटलंही.

"मारू दे," ती म्हणाली. "मातीच्या तुकड्यासाठी कुणी थाप मारतं, म्हणजे त्याला तो हवाच असणार."

हळूहळू नव्या इमारतींच्या गॅलऱ्यांतून, तुळशीसारख्या वासाच्या वासिलिकोच्या कुंड्यांमधून, त्या बायका रस्त्याकडे बघू लागल्या.

एकदा मीही गेलो. सरळ सांगितलं, मी बेटावरचा, आमच्या घरावर असलं काही कधीच नव्हतं.

"मग आतापासून असू दे," ती म्हणाली, आणि फळीवरची सगळ्यात देखणी निवडायला लागली.