आजारी बुरशीची खोली

आमच्या बियाणे सोसायटीत नुसतं चहाला बसलं तरी एखादा किस्सा पदरात पडायचा. मी तर दुष्काळाच्या साली तिथं नोकरीला होते. माझ्याकडं पोतंभर साठलेत!

गोदामातल्या भुईमुगाच्या बियाण्याला बुरशी लागायची. मी नुकतीच बी.एस्सी. झालेली. कॉलेजातल्या सरांनी मला विषाणू लागलेली बुरशी दिली. ती बियाण्यावरच्या धडधाकट बुरशीत मिसळली, की तिलाही रोग लागतो, ती खंगते आणि बियाणं वाचतं. चेअरमन आप्पांनी प्रयोगाला मागची खोली दिली, पण बजावलं, "जनरल मीटिंगपतोर काय दिसलं तर ठीक. न्हाय तर तिथं खताची पोती!"

वर म्हणाले, "बुरशी मारायला बुरशीच आणलीस? उद्या आग लागली तर तेरखेड्याचे फटाके घेऊन विझवायला जाशील!"

*

एकदा मी डायरेक्टर लोकांना समजावलं, "बुरशी आपल्या जातीबाहेर मिसळत नाही."

त्यातले नरसिंगराव खूश! "बघा, बुरशीलाबी कळतंय!"

"कळतंय ना," मी म्हटलं, "जातीतल्या जातीतच मिसळते, म्हणूनच तर रोग लागतो!"

त्या दिवशी चहा लवकर संपला.

*

तालुक्याचे साहेब येणार म्हणून शिपाई दगडूमामांनी माझ्या बुरशी वाढवायच्या काचेच्या बशा राखेनं घासून लख्ख केल्या.

"ताई, लई घाण चढली होती!"

महिन्याची मेहनत मोरीत!

*

मग मी दारावर पाटी लावली, 'आत येऊ नये'. झालं! सगळी सोसायटी आत. आप्पांनी तर एकेक झाकण उघडून वास घेतला.

"आप्पा, तुमचा श्वास पडला त्यात!"

"मग बरंच की. म्या रोज तुळस खातो!"

*

मीटिंग जवळ आली. आता शेवटच्याच बशा उरल्या होत्या. मी दगडूमामांना हात जोडले, "मामा, आतली बुरशी आजारी आहे. कुणाला आत सोडू नका."

सकाळी बघते तर दाराला कडुनिंबाचा डहाळा! घरात कुणाला गोवर, देवी आल्या की बांधतात, तसा. मी संतापले. पण त्या दिवसापासून दाराकडं कुणी फिरकेना. डायरेक्टर लांबूनच चपला काढायचे. शेजारच्या कँटीननं तर देवीचं पथ्य म्हणून फोडणी बंद केली!

मीटिंगच्या दिवशी मी बशा बाहेर आणल्या. एकीत हिरवीगार, दाट बुरशी. दुसरीत, आजारी बुरशीशेजारी वाढलेली, फिकट आणि विरळ. आप्पांनी चष्मा लावून बराच वेळ बघितलं.

"खताची पोती तिकडंच राहू द्या रे!" ते ओरडले.

मग माझ्याकडं वाकून हळूच म्हणाले, "लईच वाळली गं बिचारी. खायाला काय देतीस हिला?"