घाईत ठेवलेलं नाव

डॉक्टर म्हणजे पार वसईत. बैलगाडी तिथं पोचेपर्यंत पोर जन्मून रांगायला लागलं असतं! आमच्या वटारला सुईण यायची ती अर्नाळ्याच्या कोळीवाड्यातली ख्रिस्तीण. सगळे तिला मावशी म्हणायचे. सकाळी डोक्यावर बोंबलांची टोपली, आणि कुणाच्या पोटात कळा सुरू झाल्या की टोपली ओट्यावर ठेवून ती सरळ आत. हात आधी राखेनं खसाखसा धुणार. तरी मासळीचा वास जायचा नाही, आणि खरं सांगते, पुढे तो वास आला की मला धीर यायचा.

माझं पहिलंच बाळंतपण. भर दुपारी मी अशी किंचाळले की केळींना पाणी सोडत असलेले आमचे हे पाट तसाच वाहता ठेवून ओट्यावर येऊन बसले. मावशी म्हणाली, "अगो, गाव गोळा करतेस काय? तोंड मीट नि जोर लाव." इतका राग आला मला! त्या रागातच मुलगी झाली.

पण रडेना. निळी पडलेली, हातपाय लोंबते. मावशीनं तिच्या तोंडातला चिकटा बोटानं काढला, पाठ चोळली, तळव्यांवर टिचक्या मारल्या. सासूबाई काशाची थाळी बडवत होत्या. काही नाही. मी नुसती "मावशी, मावशी" करत राहिले.

"पानी कुठंय?" म्हणत तिनं तांब्या ओढला, पोरीच्या कपाळावर ओतला आणि भराभर पुटपुटली, "बापाच्या, पुत्राच्या..." त्यांच्यात पोर हाती लागेलसं वाटलं नाही, तर पाद्रीबाबांची वाट न बघता सुईणीनंच नाव ठेवून बाप्तिस्मा द्यायचा असतो. हाताला वळण तेच. घर कुणाचं, हे बिचारी घाईत विसरली.

आणि पोरीनं असा टाहो फोडला म्हणता!

थाळी थांबली. मावशीचा चेहरा पांढराफटक. "बाय, चुकले गो," ती सासूबाईंना म्हणाली. सासूबाई सोवळ्याच्या कडक, पाण्याचा हंडा आम्हालासुद्धा शिवू द्यायच्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "नाव काय ठेवलंस?"

"माझंच. दुसरं सुचलंच नाय."

सासूबाई शेकासाठी निखारे आणायला गेल्या.

बारशाला बोलावलं तर मावशी दारातच घुटमळली. नणंदेनं पाळण्यात वाकून पोरीच्या कानात नाव सांगितलं, बायकांनी रीतीप्रमाणे आत्याच्या पाठीत धपाधप बुक्क्या घातल्या, हशा पिकला. तेवढ्यात सासूबाईंनी मावशीचा हात धरून तिला पाळण्याशी ओढलं. "आता तुझं सांग. त्या हाकेला आलीय ती."

मावशी वाकली. काय बोलली ते आम्हाला ऐकू आलं नाही. सरळ झाली तेव्हा पदरानं डोळे पुसत होती. सासूबाईंनी तिच्याही पाठीत एक सणसणीत बुक्की घातली.