अस्तरच्या मापाचं हॉटेल

बसथांब्यामागच्या गल्लीत तिसरं दुकान मावशींचं. पाटीवर 'लेडीज टेलर' एवढंच उरलंय, त्याखालचं उन्हानं खाल्लं. मावशी नेमक्या कुणाच्या मावशी, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. मात्र गळ्यात टेप नसलेल्या मावशी कुणी पाहिलेल्या नाहीत. बँकेत जाताना टेप, दवाखान्यात जाताना टेप. एकदा म्हणे तपासून झाल्यावर डॉक्टरांनी घाईत मावशींचा टेप स्वतःच्या गळ्यात घातला आणि पुढचा पेशंट आत बोलावला. अर्थात हे गल्ली सांगते, आणि गल्ली काय, काहीही सांगते.

दुकानात दुसरा जीव म्हणजे अस्तर. मळकट पांढरा, डोळ्यांवर केस, चिंध्यांच्या टोपलीत झोपला की कुत्रा कुठला आणि चिंध्या कुठल्या ते नव्या गिऱ्हाइकाला कळत नसे. मावशी मशीनवरून उठल्या की हा उठणार, बसल्या की बसणार. आतून असा घट्ट चिकटलेला म्हणून नाव अस्तर.

"मी समोर नसले तर पाण्याला तोंड लावत नाही तो," असं मावशी येईल त्याला सांगत. खरं-खोटं करायचं कुणाला सुचलंच नव्हतं, कारण मावशी समोर नाहीत अशी वेळच कधी आली नव्हती. बँक-दवाखान्यातही तो पिशवीतून बरोबर असे आणि त्यापलीकडे त्या कुठं जात नसत. बहिणीनं बोलावलं, नाही गेल्या. समुद्र बघायला सगळी गल्ली गेली, या दोघांनी दुकान सांभाळलं.

मग लेकीचा फोन आला.

लेक मोठ्या शहरात लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर होती. तिथलाच एक सहकारी तिनं पसंत केला होता आणि मावशींनीही फोटोवरून पास केला होता. 'खांदे सरळ आहेत, कोट चांगला बसेल,' एवढ्याच शेऱ्यावर. लेकीचा लग्नाचा ड्रेस अर्थात मावशीच शिवत होत्या.

"आई, शुक्रवारी सकाळी नोंदणी आहे. तू गुरुवारी ये. ड्रेस घालून बघू, राहिलेलं तिथंच नीट कर."

"येते की. अस्तरचं काय?"

"काकांकडे ठेव ना."

काका म्हणजे शेजारचे इस्त्रीवाले. ते त्या वेळी मावशींच्याच दुकानात, मावशींच्याच स्टुलावर बसले होते.

"त्यांच्याकडे? त्यांना स्वतःचा चष्मा सापडत नाही, कुत्रा काय सापडणार."

"चष्मा डोळ्यांवरच होता त्या दिवशी," काका म्हणाले.

"तेच म्हणतेय मी."

लेकीच्या वसतिगृहात पाहुणा म्हणून कुणाचा सख्खा भाऊसुद्धा फाटकाच्या आत येऊ शकत नव्हता, तर कुत्र्याचं नावच नको. जावई तिघांबरोबर एका खोलीत राहायचा आणि त्यातल्या एकाला कुत्र्याच्या नुसत्या फोटोनंही शिंका येत. राहता राहिलं हॉटेल.

"कुत्र्यांना घेणारी हॉटेलं आहेत इथं," लेक म्हणाली. "मी शोधते."

"तू तुझ्या लिफ्टा बघ. राहायचं मला आहे, हॉटेल मी शोधीन."

"आणि नाही मिळालं तर?"

मावशींनी मशीनचं चाक हातानं थांबवलं. "तर काय. तुम्ही दोघं सह्या करा, मी फोटो बघीन."

मग लेक म्हणाली, "माझ्या बाजूनं सही करायला दुसरं आहे कोण, आई?" आणि फोन ठेवला.

मावशींनी सुईत दोरा ओवायला घेतला. तो काही जाईना. काका न विचारता म्हणाले, "माझा मोठा फोन आहे, त्यात सगळी हॉटेलं दिसतात." मावशींनी लगेच काकांसकट स्टूल पुढे ओढलं.

पहिलं हॉटेल फोटोत राजवाड्यासारखं होतं. बोलणारी मुलगी इतकी गोड की मावशींना आधी वाटलं, ही ओळखीची असावी.

"आम्ही लहान कुत्री घेतो मॅडम. गुडघ्यापर्यंत उंची चालते."

"कुणाच्या गुडघ्यापर्यंत?"

"म्हणजे… साधारण."

"साधारण गुडघा नसतो गं. माझ्याकडे येणाऱ्या दोन बहिणींत वीतभर फरक आहे. मी मापच सांगते, थांब."

आणि इथं गाडी रुळावरून घसरली. मावशींनी आयुष्यात कधी अंगाबरोबरचं माप सांगितलेलं नव्हतं. अंग जेवढं तेवढं कापड कापलं तर बाईला हात वर करता येत नाही, हे त्या झोपेतही सांगतील. म्हणून मापात आधी श्वासापुरतं लूज धरायचं. मग शिलाईचं मार्जिन. मग कापड धुतल्यावर आटतं त्याचं. मग खालची दुमड. आणि अस्तर अजून वाढत्या अंगाचा आहे, अशी त्यांची पाच वर्षांपासूनची समजूत होती, म्हणून त्याचंही थोडं. टोपलीतला अस्तर शेपटी हलवत मोजून घेत होता आणि दर इंचागणिक फोनमध्ये मोठा होत होता.

"वजन किती असेल मॅडम?" मुलीचा आवाज जरा बारीक झाला होता.

"वजन नाही बाई माहीत. कापड सांगते. याला अंगभर कोट शिवायचा तर दोन मीटर लागेल, डबल पन्ह्याचं."

कुठलाही शिंपी गिऱ्हाइकाला लागतं त्याहून जास्तच कापड सांगतो. पण राजवाड्यातल्या त्या मुलीला हे कुणी सांगावं? तिनं गोड आवाजात क्षमा मागितली आणि फोन ठेवला.

दुसऱ्या हॉटेलवाल्यानं विचारलं, "जात कोणती?"

"आम्ही दुकानात माणसांना विचारत नाही, तुम्ही कुत्र्याला विचारता?" मावशी म्हणाल्या आणि या वेळी फोन त्यांनी ठेवला. तिसऱ्या हॉटेलात कुत्र्यांसाठी पोहायचा हौद, केस विंचरणारा माणूस आणि संगीत होतं, पण मापं ऐकून तिथल्या साहेबांनी विचारलं, "बाई, हा नक्की कुत्राच आहे ना?" चौथं, पाचवं, सहावं, सगळीकडे तीच रड.

"एवढासा जीव तो," मावशी काकांना म्हणाल्या. "काय खुपतोय यांना?"

काका विचारात पडले. त्यांचा सगळा जन्म कपड्यांच्या घड्या घालण्यात गेलेला, शिवण्यातलं त्यांना काय कळणार. "मोठ्या शहरात जागाच कमी असते," एवढंच ते म्हणाले.

सोमवार गेला, मंगळवार गेला. ड्रेस हातशिलाईवर आला आणि मावशी गप्प झाल्या. गिऱ्हाइकाशी न बोलणाऱ्या मावशी म्हणजे न वाजणारी शाळेची घंटा. बुधवारी काकांच्या फोनमध्ये पार तळाशी एक हॉटेल सापडलं. फोटोत नुसतं अंगण. मावशींनी थकलेल्या आवाजात सगळी मापं पुन्हा सांगितली.

"चालेल," तिकडून मॅनेजर म्हणाला.

"दोन मीटर, डबल पन्हा," मावशींनी बजावलं.

"बाई, याहून मोठेही येतात आमच्याकडे."

"उभा आरसा आहे? कापड पसरायला टेबल?"

"दोन्ही आहे."

मावशींनी काकांचा फोन काकांना परत दिला, तोही उलटा, आणि त्यांच्या पाठीवर अशी थाप मारली की चष्मा खरोखरच डोळ्यांवरून गेला.

गुरुवारी पहाटेची बस. मावशींच्या एका मांडीवर ड्रेसचं खोकं, दुसऱ्या मांडीवर कापडी पिशवी. कंडक्टरनं पिशवीकडे पाहिलं.

"काय आहे?"

"चिंध्या."

पिशवी शिंकली. कंडक्टरनं मावशींकडे पाहिलं, मावशींनी रुमाल काढून स्वतःचं नाक पुसलं. कंडक्टर पुढे गेला.

संध्याकाळी टॅक्सी हॉटेलसमोर थांबली तेव्हा दारात चांगलं स्वागतमंडळ उभं होतं. दोन माणसं कोपरापर्यंत जाड हातमोजे घालून. तिसऱ्याच्या हातात मनगटाएवढा जाड पट्टा. मागे लहान मुलाला न्हाऊ घालता येईल असा पाण्याचा टब. मावशी उतरल्या. हातमोजेवाले त्यांच्या मागे बघत राहिले. मग टॅक्सीच्या आत वाकून बघितलं. ड्रायव्हरनंही न सांगता डिकी उघडून दाखवली.

"कुत्रा कुठंय बाई?" मॅनेजरनं विचारलं.

मावशींनी पिशवीचं तोंड उघडलं. अस्तरनं डोकं बाहेर काढलं आणि जांभई दिली.

"हा?"

"हाच."

"आणि मोठा?"

"हाच मोठा. लहान होता तेव्हा बघायला हवा होता तुम्ही."

मॅनेजरनं डोळे मिटून घेतले. मग हळू आवाजात समजावलं की हे हॉटेल मोठ्या कुत्र्यांसाठीच आहे. अंगणात सगळे मोकळे असतात आणि नुसत्या शेपटीचा फटका बसला तरी हा पलीकडच्या गल्लीत जाऊन पडेल. लहान कुत्री ठेवायची नाहीत, हा मालकांचा नियम. "सॉरी बाई."

म्हणजे आत्तापर्यंत मोठा म्हणून नको होता, आता लहान म्हणून नको. मावशी पायरीवरच बसल्या. एका हातात लग्नाचा ड्रेस, दुसऱ्या हातात कुत्रा, आणि परतीची बस तासाभरात.

एवढ्यात स्कूटरवरून लेक आली. हेल्मेट काढायच्या आधीच तिला काहीतरी बिनसल्याचं कळलं.

"आई, फोनवर काय माप सांगितलंस तू?"

"नेहमीसारखंच."

"लूज धरून?"

"मग काय अंगाबरोबर सांगू? श्वास घ्यायला नको त्याला?"

लेकीनं मॅनेजरकडे पाहिलं, हातमोज्यांकडे पाहिलं, टबाकडे पाहिलं आणि तिला हसू फुटलं. एकदा फुटलं ते आवरेना. पायरीवर आईच्या शेजारी बसून ती हसतच राहिली. "दुमडसुद्धा धरलीस ना? खरं सांग." मावशी आधी रागावल्या, मग म्हणाल्या, "दीड इंच." मग त्याही हसू लागल्या. हातमोजेवाले उगाच हसू लागले. मॅनेजरला मात्र हसावं की नाही, याबद्दल मालकांचा नियम काय ते माहीत नव्हतं.

या गडबडीत पिशवी मोकळी झाली होती. लक्षात आलं तेव्हा अस्तर अंगणाच्या मधोमध पोचला होता आणि समोरून वासराएवढा काळा कुत्रा येत होता. हातमोजेवाले धावले. काळ्यानं अस्तरला वरून हुंगलं, खालून हुंगलं, एक प्रदक्षिणा घातली. मग एखादं कपाट अलगद आडवं करावं तसा तो जमिनीवर आडवा झाला. अस्तर त्याच्या पोटावर चढला, जागच्या जागी तीन वेळा फिरला आणि बसला.

काळ्याची मालकीण दातांची डॉक्टर होती. ती वऱ्हांड्यात पेपर वाचत होती. पेपर खाली करून ती मॅनेजरला म्हणाली, "हा पहिल्यांदाच आपण होऊन कुणाजवळ बसलाय. इथं आल्यापासून कोपऱ्यात तोंड घालून होता. याला हाकलणार असाल तर मीही निघते."

नियमाला मॅनेजरनं स्वतःच थोडं लूज दिलं.

खोली चांगलीच मोठी होती, मोठ्या कुत्र्याच्या हिशेबानं केलेली. मावशींनी लेकीला आरशासमोर उभं केलं आणि दातांत टाचण्या धरून तिच्याभोवती फिरू लागल्या. कमरेत थोडं घ्यावं लागलं. "जेवत नाहीस तू," टाचण्यांमधून त्या म्हणाल्या. "जेवते गं," लेक म्हणाली. "मग कामं कमी कर." असं पुष्कळ वेळ चाललं. अस्तर अंगणात होता. दोनदा हाक मारली, दोनदा आला, पायाशी घुटमळून पुन्हा गेला.

सकाळी जावई गाडी घेऊन आला. खांदे खरोखरच सरळ होते. लेक ड्रेस घालून गाडीत बसली आणि मावशी पिशवी घेऊन अंगणात गेल्या.

"चल रे."

काळ्याच्या पोटाला टेकून झोपलेल्या अस्तरनं एक डोळा उघडला. शेपटी दोनदा हलवली. डोळा मिटला.

"राहू द्या त्याला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मी आहे दुपारपर्यंत."

"तुम्हाला नाही माहीत. मी नसले तर पाणी पीत नाही तो."

ते ऐकूनच की काय, अस्तर उठला, टबापाशी गेला आणि मावशींकडे पाठ करून लपलप पाणी प्यायला. प्यायला म्हणजे किती, मिशा टिपटिप गळेपर्यंत.

मावशी हातातली रिकामी पिशवी घेऊन उभ्या राहिल्या. आजवर कुणी कुणाला धरून ठेवलं होतं, हा प्रश्न त्यांच्या मनात आला असेल तर तो त्यांनी कुणाला सांगितला नाही. बाहेर जावयानं हळूच हॉर्न वाजवला. मावशींनी पिशवीची घडी घातली, ती डॉक्टरीणबाईंच्या खुर्चीवर ठेवली आणि निघाल्या. फाटकाशी एकदा वळून बघितलं, पण तिकडून कुणी बघत नव्हतं.

नोंदणी कार्यालयातल्या बाई चष्म्यावरून म्हणाल्या, "मुलीकडून कोण?"

"मी," मावशी म्हणाल्या. मोकळ्या हातांचं काय करावं ते त्यांना कळेना, तेव्हा लेकीनंच पेन हातात दिलं. सही जरा तिरकी आली. लेकीनं त्यांचा दंड धरला तो नंतर पुष्कळ वेळ सोडला नाही, आणि मावशींनीही सोडवून घेतला नाही.

बाहेर आल्यावर जावई म्हणाला, "आधी हॉटेलवर जाऊया ना आई? अस्तर वाट बघत असेल."

"बघू दे थोडी," गाडीत बसत मावशी म्हणाल्या आणि काच पार खालपर्यंत उतरवली. "एवढं मोठं शहर तुमचं, आणि मी अजून एक हॉटेल तेवढं बघितलंय. चला, कुठून सुरुवात करायची?"