बारावी दुसऱ्यांदा

मी बारावी दोनदा पास झाले. नापास होऊन पुन्हा बसणाऱ्या मुली आमच्या सौंसरात पुष्कळ होत्या, पण पास होऊन पुन्हा बसलेली माझ्या माहितीत मी एकटीच. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. जुनी अकरावी जाऊन आमच्याकडे बारावी नुकतीच आली होती. तिच्यापुढे काय करायचं असतं हे घरात कुणाला ठाऊक नव्हतंच, शाळेतल्या सरांनाही नीट सांगता येत नसे.

बाबा सरकारी दवाखान्यात ड्रेसर होते. जखमा धुणं, पट्ट्या बांधणं, टाके काढणं हे त्यांचं काम. संध्याकाळी जेवायला बसण्याआधी ते उजव्या हाताचं एकेक बोट ओढून मोकळं करत, कारण दिवसभर कात्री धरून ती आखडलेली असत. मुलीनं डॉक्टर व्हावं असं ते मला कधीच म्हणाले नाहीत. आईजवळ एकदा बोलले होते, ते मी ऐकलं. पुढे मी जीवशास्त्र घेतलं आणि घरात ते ठरल्यासारखं झालं, पुन्हा कुणी त्याचा उच्चार केला नाही.

पहिल्यांदा मला चौपन्न टक्के पडले. भौतिकशास्त्रानं घात केला. बाबा गुणपत्रिका घेऊन दुसऱ्याच दिवशी नागपूरला मामाकडे गेले. मामा तिथे शाळेत शिक्षक होते आणि आमच्या नात्यात सगळ्यांत शिकलेले. मामांनी गुणपत्रिका उलटसुलट पाहिली आणि सांगितलं की एवढ्या मार्कांवर मेडिकलच्या दारातसुद्धा उभं करत नाहीत. एक वर्ष गेलं तर काही बिघडत नाही, पोरीला पुन्हा बसवा, मार्क वर आणा, निकाल हातात आला की मग फॉर्म भरू.

मामा खोटं बोलले नाहीत. महाराष्ट्रात त्या काळी मेडिकलचा प्रवेश बारावीच्या मार्कांवरच होत असे. पण आमचं घर हद्दीच्या अलीकडे, मध्य प्रदेशात होतं. लग्नाचं कापड नागपूरचं, चष्मा नागपूरचा, मोठं दुखणं निघालं तर दवाखाना नागपूरचा, पण सरकार भोपाळचं. भोपाळच्या सरकारचा नियम वेगळा असेल हे कुणाच्या मनातच आलं नाही. माझ्याही आलं नाही.

मग ते वर्ष. सौंसरच्या शाळेनं मला परत घेतलं नाही, म्हणून बाहेरून परीक्षेचा फॉर्म भरला. प्रॅक्टिकलसाठी पांढुर्ण्याच्या एका शाळेनं बसू दिलं. आठवड्यातून दोन दिवस मी सकाळच्या बसनं पांढुर्ण्याला जायची. शनिवारी बसमध्ये जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला निघालेल्या बायाबापड्यांची गर्दी असे. मी दांड्याला धरून उभी, पिशवीत तीच पुस्तकं, तीच प्रॅक्टिकलची वही, फक्त कव्हर नवं. प्रयोगशाळेत माझ्यापेक्षा एका वर्षानं लहान पोरी बेडूक कापताना तोंड फिरवायच्या. मी न बघताही कापू शकले असते. सर एकदा मला म्हणाले की तूच यांना दाखव, आणि मग तीच रीत होऊन बसली. मी दाखवत असे आणि ते खुर्चीवर बसून पेपर वाचत.

घरी अभ्यासाला बसलं की पान उलटायच्या आधी पुढचं वाक्य आठवायचं. आठवायचं आणि तरी वाचावं लागायचं. हिवाळ्यापर्यंत मला त्या पुस्तकांचा कंटाळासुद्धा येईनासा झाला, नुसती झोप यायची. आई म्हणायची, "वाचून राहिली का पेंगून राहिली?" मी म्हणायची, वाचून राहिली.

दुसऱ्या निकालात एकाहत्तर टक्के आले. बाबांनी दवाखान्यात पेढे वाटले. कशाबद्दल हे मात्र त्यांनी तिथे अर्धवटच सांगितलं, पोरगी पास झाली एवढंच. आणि मग ते छिंदवाड्याला कॉलेजात मेडिकलचा फॉर्म आणायला गेले. संध्याकाळी रिकाम्या हातानं परतले. तिथल्या बाबूनं सांगितलं होतं की मेडिकलसाठी पी.एम.टी. म्हणून वेगळी परीक्षा असते, तिचे फॉर्म हिवाळ्यातच निघाले, भरले गेले, परीक्षाही झाली. आता पुढच्या वर्षी या. बाबांनी आईला हे सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. आईनं विचारलं, मग आता हिनं वर्षभर काय करायचं?

तरीही तोवर आम्हाला वाटत होतं की एकाहत्तर टक्के कामाला आले. परीक्षा असेल, पण मार्कही लागतच असतील, एवढी मेहनत फुकट कशी जाईल.

पोळ्याला मी पांढुर्ण्याला आत्याकडे गेले होते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिथे गोटमार असते. जाम नदीच्या पात्रात मध्यभागी पळसाचं झाड रोवतात, आणि एका काठावरून पांढुर्ण्याचे, दुसऱ्या काठावरून सावरगावचे लोक झाडासाठी एकमेकांवर दगडांचा मारा करतात. डोकी फुटतात, हात मोडतात. त्या दिवशी आसपासच्या दवाखान्यांतून माणसं मदतीला बोलावत. सौंसरहून डॉक्टरसाहेब आणि बाबा आले होते. एका शाळेच्या व्हरांड्यात टेबलं लावून त्यांचं काम चाललं होतं.

हे डॉक्टरसाहेब जबलपूरकडचे, हिंदी बोलणारे, तिशी नुकतीच ओलांडलेले. सौंसरात येऊन त्यांना चार वर्षं झाली होती. चार वर्षं बाबा रोज त्यांच्या उजव्या बाजूला ट्रे धरून उभे राहत होते.

आत्यानं दोघांसाठी डबा दिला, तो घेऊन मी दुपारी चारच्या सुमारास तिथे पोचले. गर्दी जरा ओसरली होती. डॉक्टरसाहेब बाकावर बसून पुरणपोळी खाऊ लागले. बाबा उभ्यानंच चिमटे धूत होते. साहेबांनी सहज मला विचारलं की तू काय करतेस. मी म्हटलं, बारावी झाली. ते म्हणाले, ती तर मागच्या साली झाली होती ना? मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी मान वर केली नाही. मग मीच सांगितलं, मार्क कमी होते, मेडिकलला चालले नसते म्हणून पुन्हा बसले.

साहेबांचा हात थांबला. "पहले कितने थे?"

"चौवन."

"चौवन बहुत थे. पी.एम.टी. में बारहवीं के नंबर कौन जोड़ता है? आधे आ जाएँ तो फॉर्म भर सकते हैं, आगे सब उसी पर्चे से होता है. मेरे खुद के छप्पन थे."

मला आठवतं ते एवढंच की माझ्या हातात डब्याचं झाकण होतं आणि ते कुठे ठेवायचं ते मला सुचेना. साहेब बाबांकडे वळले. रागावले नव्हते, उलट त्यांचा आवाज खाली आला होता.

"दादा, चार साल से साथ हैं. एक बार पूछ लेते."

"हव साहेब," बाबा म्हणाले, आणि भुवईवरून रक्त येत असलेल्या एका माणसाला त्यांनी टेबलाजवळ बोलावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं बसनं सौंसरला निघालो. खिडकीबाहेर कपाशी हिरवीगार होती, मधे मधे संत्र्याचे बगीचे. अर्ध्या वाटेत मी विचारलं, "बाबा, तुम्ही साहेबाले काहून नाही विचारलं?"

त्यांनी तिकिटं घडी करून खिशात ठेवली.

"विचारणार होतो," ते म्हणाले. "किती डाव तोंडापर्यंत आलं. पण ड्रेसरची पोरगी डॉक्टर होतो म्हणते म्हणून साहेब हसला असता तं? मले तं रोज त्याच्याच बाजूले उभं राहा लागते."

मला त्यांचा राग येत होता, तो त्या वाक्यानं गेला नाही. पण त्याचं काय करायचं हेही कळेना. मोहगावचे लोक चढले, बस भरली, आणि आम्ही दोघं सरकून बसलो.

साहेबांनी त्यांच्या भावाकडून जबलपूरहून जुने पेपर आणि दोन जाड गाईडं मागवून दिली. मी उघडून पाहिली. प्रत्येक प्रश्नाखाली चार उत्तरं, त्यातल्या एकावर खूण करायची, आणि एका प्रश्नाला मिनिटभरही नाही. दोन वर्षं मी नेमकं उलटं शिकले होते. व्याख्या लिहा, आकृती काढा, नावं द्या, समास सोडा. माझं अक्षर सुंदर झालं होतं. आता अक्षराचं काहीच काम नव्हतं. तरी हिवाळाभर केलं. आईनं घड्याळ समोर ठेवलं की मी खुणा करायला बसायची, आणि वेळ संपला तरी पाव पेपर बाकी राहायचा. साहेब रविवारी तपासून देत. त्यांनी कधी निराश केलं नाही. फक्त एकदा म्हणाले की दोन साल पहले आ जाती तो ताज़ा दिमाग रहता. बाबा तिथेच होते. त्यांनी ते ऐकलं.

परीक्षा जबलपूरला होती. बाबा रजा काढून सोबत आले. मी आत होते तोवर ते शाळेसमोरच्या फूटपाथवर बसून होते. पेपर मला अवघड गेला असं म्हणता येत नाही. येत होतं ते वेळ पुरला नाही म्हणून राहिलं. बाहेर आल्यावर आम्ही पोहे खाल्ले आणि स्टँडवर गेलो.

यादीत माझा नंबर नव्हता. साहेबांचं म्हणणं पडलं की पहिल्या खेपेला असं होतंच, आणखी एकदा बसली पाहिजे. बाबांनी त्या संध्याकाळी मला अंगणात बोलावलं. "बसतं का अजून एक डाव? बसत असशीन तं मी आहो."

त्यांनी मनापासून विचारलं होतं. मी हो म्हटलं असतं तर त्यांनी आणखी तीन वर्षं वाट पाहिली असती. पण ते पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून उघडायचं या विचारानंच माझ्या डोळ्यांवर झापड आली.

"मी थकली, बाबा."

ते म्हणाले, बरं. आणि लगेच उठले नाहीत, माझ्याजवळ बसून राहिले.

पुढचं साहेबांनीच सुचवलं. रक्त-लघवी तपासणाऱ्यांचं सरकारी ट्रेनिंग निघालं होतं, त्याला वेगळी परीक्षा नव्हती, बारावीच्या मार्कांवर निवड होती. यावेळी बाबांनी फॉर्म स्वतः दोनदा वाचला आणि न समजलेल्या तीन ओळींवर खूण करून तो साहेबांसमोर नेला. महिना-दीड महिन्यानं निवडीचं पत्र आलं. मी ते वाचून दाखवलं.

"याच्यात मार्क धरले?" बाबांनी विचारलं.

"हो. मार्कांवरच आहे."

"पहिलेवाले असते तं?"

"नंबर नसता लागला."

त्यांनी पत्र घडी करून पाकिटात घातलं. मग म्हणाले, "मंग तुहं ते साल वाया नाही गेलं."

तो हिशेब तसा नव्हता, हे मला समजत होतं आणि मला वाटतं त्यांनाही समजत होतं. पण मी म्हटलं, "नाही गेलं." त्यांनी मामांना पोस्टकार्ड टाकलं की तुमच्या सांगण्यानं पोरीचं काम झालं. आठवड्यानं मामांचं उत्तर आलं. अभिनंदन लिहिलं होतं, आणि खाली, मेडिकलसाठी मार्क अजून थोडे वाढवता आले तर पाहावं. बाबांनी ते कार्ड वाचून आईकडे दिलं आणि ड्यूटीवर निघून गेले. मी ट्रंकेत कपडे भरायला घेतले.